फिटलेलं घर तारण ठेवून म्युच्युअल फंडात पैसे टाकावेत का?

कर्वेनगरी
नमस्कार मंडळी. उदाहरण असं धरू: कोथरूड-कर्वेनगर पट्ट्यातला फ्लॅट, गृहकर्ज पूर्ण फिटलेलं, आजचा भाव १ कोटी २० लाखांच्या आसपास. बँक त्यावर ४० लाखांचं मालमत्ता तारण कर्ज, म्हणजे लॅप, द्यायला तयार आहे. व्याज १० टक्के फ्लोटिंग, म्हणजे बदलतं, मुदत १५ वर्षं. हे पैसे एकरकमी इंडेक्स फंडात टाकले आणि फंडाने १२ टक्के दिले, तर मधले २ टक्के आपले. हप्ता पगारातून आरामात भरता येतो. १ कोटी २० लाखांच्या भिंती नुसत्या उभ्या आहेत, त्यांना कामाला का लावू नये?
'घर म्हणजे आई' छापाची उत्तरं नकोत, आकडे हवेत.

शनिपार
भेळ घेऊन बसलोय. भिंतींना कामाला लावायची कल्पना पुणेरीच. दुपारी १ ते ४ त्यांना सुट्टी द्या म्हणजे झालं.

चक्रवाढ
'हप्ता पगारातून आरामात भरता येतो.' कर्वेनगरी, तुमचं उत्तर याच वाक्यात आहे, फक्त तुमच्या नजरेतून निसटलंय.
४० लाख, १० टक्के, १८० महिने: हप्ता ४२,९८४ रुपये. एकूण भरणा ७७ लाख ३७ हजार, म्हणजे व्याज ३७ लाख ३७ हजार. आता दोन वाटा मांडा.
पहिली वाट, कर्ज काढून ४० लाख आज फंडात. महिन्याला १ टक्का वाढ धरली तर १५ वर्षांनी २ कोटी ३९ लाख ८३ हजार.
दुसरी वाट, कर्जच नाही. तोच ४२,९८४ चा हप्ता बँकेऐवजी त्याच फंडात एसआयपी म्हणून, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक. १५ वर्षांनी २ कोटी १४ लाख ७४ हजार.
फरक २५ लाखांचा. लोक तुलना करतात ती '४० लाखांचे २ कोटी ३९ लाख' विरुद्ध 'शून्य' अशी. खरी तुलना एसआयपीशी करायला हवी, कारण हप्त्याचे पैसे तुमच्याकडे आहेतच.
पुढे कर. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के (वर्षाची सव्वा लाखाची सूट तूर्त सोडून देऊ). पहिल्या वाटेत नफा जवळपास २ कोटी, कर २५ लाख. दुसरीत नफा १ कोटी ३७ लाख, कर १७ लाख. कर भरून उरलेला फरक १७ लाख २८ हजार. तोही १५ वर्षांनंतरचा. महागाई ६ टक्के धरली तर आजच्या पैशात सव्वासात लाख.
आणि हे सगळं फंडाने खरंच १२ टक्के दिले तर. ११ टक्के दिले तर करानंतरचा फरक ५ लाखांच्या थोडा वर. १० टक्के दिले तर तुम्हीच साडेचार लाखांच्या वर तोट्यात, कारण नफ्यावर कर लागला पण व्याजाची वजावट मिळाली नाही.

साशंक
+१. यात कर्ज काढायचा खर्च धरलेला नाही.

चक्रवाढ
बरोबर. सगळे खर्च मिळून ७० हजार धरले तर तेच ७० हजार १२ टक्क्यांनी १५ वर्षांत ४ लाख २० हजार होतात. वरच्या १७ लाखांतून तेवढे वजा करा. ११ टक्क्यांच्या हिशेबात तर मग दीड लाखच उरतात.

बैलबुवा
गणित बरोबर, गृहीतक चुकीचं. एसआयपी १५ वर्षं न मोडता किती लोक चालवतात? बाजार पडला की पहिली कात्री एसआयपीलाच लागते. कर्जाचा हप्ता मात्र कोणी चुकवत नाही. म्हणजे कर्ज ही सक्तीची शिस्त आहे. शिवाय पैसे पहिल्या दिवसापासून बाजारात असतात. आणि महागाई कर्जदाराच्या बाजूने असते: आजचा ४३ हजारांचा हप्ता दहा वर्षांनी वाढलेल्या पगारात चिल्लर वाटेल.

साशंक
शिस्त लावायला ३७ लाख व्याज? व्यायामशाळेची वर्गणी भरली म्हणजे माणूस जातोच असंही नाही. एसआयपी मोडणारा माणूस बाजार ३५ टक्के खाली असताना एकरकमी टाकलेले ४० लाख तसेच ठेवेल याची हमी काय? तो ते विकेल, आणि हप्ता मात्र चालूच राहील.
महागाईचा मुद्दा मान्य. पण फ्लोटिंग दरात महागाई वाढली की व्याजही वाढतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ वर गेला, अडीच टक्के. तुमच्या उदाहरणात पहिल्याच वर्षी १० चे १२.५ झाले, तर ४० लाखांचं महिन्याचं व्याज ४१,६६७. हप्ता ४२,९८४. मुद्दलात जातात १,३१७ रुपये. हप्ता तोच ठेवायचा तर मुदत २८ वर्षं होते, ती बँक देणार नाही. मुदत १५ ठेवायची तर हप्ता ४९,३०० च्या घरात. 'आरामात' हा शब्द तेव्हा पुन्हा तपासून बघा.

बैलबुवा
आणि दर खाली आले की? २०२५ मध्ये रेपो ६.५ वरून उतरतच गेला. ते कोणी लिहीत नाही.

साशंक
उतरला, पण तुमच्या कर्जापर्यंत पोचला का, हे कर्ज कशाला जोडलंय त्यावर आहे. बँकांची नवी फ्लोटिंग किरकोळ कर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडावी लागतात. बिगर-बँक वित्त कंपन्यांना ते बंधन नाही. त्यांचा स्वतःचा मूळ दर असतो. चढताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात, उतरताना गुडघे दुखतात.

निवृत्त_पण_प्रवृत्त
कर्जविभागाच्या टेबलापलीकडून काय दिसतं ते लिहितो.
१ कोटी २० लाख हा तुमचा भाव झाला. बँकेचा मूल्यांकनकार येतो, इमारतीचं वय, लिफ्ट, रस्त्याची रुंदी बघतो आणि त्याचा आकडा बहुधा कमी येतो. त्या आकड्याच्या ५० ते ६५ टक्क्यांपर्यंत लॅप मिळतं. मग उत्पन्न: सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यावर जाऊ नयेत असं बघतात. दोन्हींतला जो आकडा लहान तो मंजूर.
खर्च: प्रक्रिया शुल्क अर्धा ते एक टक्का, त्यावर १८ टक्के जीएसटी. एक टक्का धरला तर ४० लाखांवर ४७,२००. महाराष्ट्रात दस्तऐवज ठेवून केलेल्या गहाणावर मुद्रांक शुल्क ०.३ टक्के, म्हणजे १२ हजार. वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन वेगळं. मग नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर गहाण ठेवल्याची सरकारदरबारी सूचना. २०१३ पासून हे सक्तीचं आहे आणि ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करायची जबाबदारी कर्जदाराची, बँकेची नव्हे. इथे लोक गाफील राहतात. सगळं मिळून चक्रवाढ यांनी धरलेले ७० हजार योग्य आहेत.
विमा: कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा विमा पुढे सरकवतात आणि तो हप्ता कर्जातच मिळवतात. म्हणजे विम्यावरही १५ वर्षं व्याज. तो सक्तीचा नाही. तेवढ्याच रकमेची साधी मुदत विमा पॉलिसी बाहेरून घ्या.
१ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला 'मुख्य तथ्य विवरण' द्यावंच लागतं. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. जाहिरातीतला १० बाजूला ठेवा आणि त्या कागदावरचा आकडा बघा.
आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्जात 'कर्जाचा उद्देश' असा रकाना असतो. तिथे 'शेअर बाजार' लिहिलं तर बहुतेक ठिकाणी अर्ज तिथेच थांबतो. करारात सट्टा किंवा भांडवली बाजारासाठी पैसे वापरणार नाही अशी ओळ असते. 'घरदुरुस्ती' लिहून पैसे फंडात टाकणं हा कराराचा भंग, आणि बँक पूर्ण रक्कम परत मागू शकते. ऑगस्ट २०२४ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी टॉप-अप, म्हणजे आधीच्या गृहकर्जावर घेतलेली वाढीव कर्जं सट्ट्याकडे वळण्याबद्दल स्पष्ट शब्दांत इशारा दिला होता. तेव्हापासून तपासणी वाढली आहे.

शनिपार
म्हणजे पहिल्याच पानावर खोटं लिहून संपत्तीनिर्मितीचा श्रीगणेशा.

बैलबुवा
काका, घरदुरुस्तीची बिलं कोण तपासतो हो?

निवृत्त_पण_प्रवृत्त
हप्ते वेळेवर आहेत तोवर कोणी नाही. हप्ता चुकला की सगळेच.

सीए_सदाशिव
करावर थोडं. लोकांना वाटतं घर गहाण आहे म्हणजे गृहकर्जाची वजावट मिळणार. कायदा तारण काय हे बघत नाही, पैसे कुठे वापरले हे बघतो. १९६१ च्या कायद्यातलं कलम २४(ब) घर घेणं, बांधणं, दुरुस्ती यासाठीच्या व्याजाला होतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले तरी हे तत्त्व तेच आहे. फंडात टाकलेल्या पैशाचं व्याज त्यात बसत नाही. लाभांशासमोर व्याज वजा करायला २०२० च्या बदलाने लाभांशाच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली होती, १ एप्रिल २०२६ पासून तीही वजावट गेली. तसंही ग्रोथ पर्यायात, म्हणजे नफा फंडातच राहतो तिथे, लाभांश नसतोच, म्हणजे तेव्हाही शून्याचे २० टक्के. व्याज खरेदी किमतीत मिळवून भांडवली नफा कमी दाखवायचा, हा मार्ग काही जण सुचवतात. त्यावर न्यायाधिकरणांचे निर्णय दोन्ही बाजूंचे आहेत. त्याच्या भरवशावर ४० लाखांचं गणित मांडू नये.
उलट, हेच लॅप व्यवसायात घातलं तर व्याज हा व्यवसायाचा खर्च, पूर्ण वजा होतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला १० टक्क्यांचं कर्ज ७ च्या आसपास पडतं. लॅप मुळात छोट्या उद्योजकांसाठी सोयीचं आहे, ते याचसाठी. पगारदाराला ती सोय नाही.

मुठाकाठ
मग लॅप काढून वाघोलीला दुसरा फ्लॅट घेतला तर? भाडं येईल, व्याजाची वजावटही मिळेल.

सीए_सदाशिव
वजावट मिळेल, कारण पैसा घरात गेला. फक्त बँकेतून पैसे आले त्याच सुमारास बिल्डरच्या खात्यात गेले हे कागदावर दिसायला हवं. मध्ये सहा महिने मुदत ठेवीत ठेवलेत तर साखळी तुटते. आणि नव्या करप्रणालीत घराच्या उत्पन्नातला तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्यात २ लाखांपर्यंत होतो.

चक्रवाढ
७० लाखांचा फ्लॅट धरू. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के (महिलेच्या नावावर ६), म्हणजे ४ लाख ९० हजार, वर नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी. भाडं साधारण ३ टक्के धरलं तर वर्षाला २ लाख १० हजार, त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, महापालिकेचा मिळकतकर आणि मधला रिकामा महिना. कर्ज १० टक्क्यांचं. उरलेले ७ टक्के दरवर्षी भाववाढीतूनच यायला हवेत, तेव्हा कुठे बरोबरी.

शनिपार
मिळकतकरातल्या त्या ४० टक्के सवलतीचं काय, ती पीटी-३ अर्जवाली?

चक्रवाढ
ती स्वतः राहत्या घराला. भाड्याने दिलं की गेली.

इंडेक्स_टू
सगळे व्याजावर भांडताहेत, मी कागदांवर येतो. पुण्यात लॅप अडकतं ते बहुतेक इथेच.
बँकेचा वकील साधारण ३० वर्षांचा शोध घेतो. मूळ करारनामा, त्याची नोंदणी पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा) आणि आधी हात बदलले असतील तर तो प्रत्येक करारनामा मूळ स्वरूपात लागतो. साखळीतला एखादा कागद हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि प्रमाणित प्रत, यात दोन महिने सहज जातात.
मग इमारत. पुण्यात दोन प्रकार आहेत आणि लोकांना आपला कोणता हेच माहीत नसतं. गृहनिर्माण सोसायटी असेल तर भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र केलेलं असेल तर भागपत्र नसतंच, तिथे डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅट तुमच्या नावे करणारा दस्त, लागतं, आणि ते जुन्या इमारतींत अनेकांनी करूनच घेतलेलं नसतं. करारनामा आहे म्हणजे सगळं झालं, असं समजून वीस वर्षं गेलेली असतात.
भोगवटापत्र (इमारत वापरायला परवानगी देणारा दाखला) नसेल तर बऱ्याच बँका मागे सरतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. तिथल्या ज्या इमारती ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभ्या राहिल्या, त्यांना बँक नाही म्हणते आणि मग वित्त कंपनी जास्त दराने हो म्हणते. तोच फ्लॅट, दर दोन-तीन टक्के वर. चक्रवाढ यांचं गणित तिथे संपलंच.
पेठांमधला वाडा असेल तर वारसांची नावं, हक्कसोडपत्रं, भाडेकरू... त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

शनिपार
वेगळा धागा नको, वेगळं संकेतस्थळ काढा. आमच्या वाड्याला अठरा वारस आहेत.

मुठाकाठ
माहितीपूर्ण. पत्नीचं नाव करारात असेल तर?

इंडेक्स_टू
सहमालक असेल तर सहकर्जदार व्हावंच लागतं. सही फक्त गहाणापुरती नसते, कर्जाची जबाबदारीही येते, आणि तिच्या सिबिलवरही ते कर्ज दिसतं. घरात आधी बोलून घ्या, बँकेच्या टेबलावर नको.

बैलबुवा
एक शेवटचा प्रयत्न. पगारातून हप्ता भरायचाच नाही. ४० लाख फंडात, तिथून दरमहा ४३ हजार एसडब्ल्यूपीने काढायचे आणि हप्ता भरायचा. १५ वर्षांनी कर्ज शून्य, फंडात जे उरेल ते फुकट. खिशातून रुपया नाही.

चक्रवाढ
१२ टक्के दरमहा सरळ रेषेत आले तर १५ वर्षांनी फंडात २५ लाख उरतात, त्यातून कर जाईल. म्हणजे तुम्ही वर बघितलेला तोच फरक, फक्त कपडे बदलून आलाय.
पण बाजार सरळ रेषेत चालत नाही. १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२, २३ मार्चला ७,६१०. दहा आठवड्यांत ३८ टक्के. कर्ज घेतल्यावर लगेच असं झालं तर ४० लाखांचे २४ लाख ८० हजार. त्यातून दरमहा ४२,९८४ काढत राहिलात आणि त्यानंतर बाजाराने न चुकता महिन्याला १ टक्का दिला, तरी पैसे ८६ महिन्यांत संपतात. कर्जाची सात वर्षांहून जास्त शिल्लक. पडलेल्या भावात युनिट विकावी लागतात, ती वर जाताना तुमच्याकडे नसतात. २००८ च्या जानेवारीपासून २००९ च्या मार्चपर्यंत सेन्सेक्स ६० टक्के पडला होता. तो आकडा घालून बघायची हिंमत तुम्हीच करा.

बैलबुवा
बरं, एसडब्ल्यूपी मागे घेतो. एकरकमीवर मात्र मी ठाम आहे, पगार मोठा असेल तर.

साशंक
पगार मोठा असेल तर एसआयपीही मोठी होते :)

निवृत्त_पण_प्रवृत्त
९० दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर कोर्टात न जाता बँक ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. फंड पडलेला असण्याचा काळ आणि नोकऱ्या जाण्याचा काळ बऱ्याचदा एकच असतो, हिंजवडीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.
अगदीच घराचा उपयोग करायचा असेल तर ओव्हरड्राफ्ट मर्यादा मंजूर करून ठेवता येते. जेवढं वापराल तेवढ्यावरच व्याज. पण दोन गोष्टी विचारून घ्या: मर्यादा दरवर्षी नूतनीकरणाची आहे का, आणि दरमहा कमी होत जाणारी आहे का. न वापरलेल्या रकमेवर काही बँका शुल्कही लावतात. साध्या मुदत कर्जात एक गोष्ट चांगली: व्यक्तीने बिगर-व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या फ्लोटिंग कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावता येत नाही. म्हणजे चूक कळली तर बाहेर पडायला दंड नाही. गेलेले ७० हजार मात्र गेले.

कर्वेनगरी
सगळे प्रतिसाद वाचले. एसआयपीशी तुलना करायची हे खरंच डोक्यात आलं नव्हतं, तिथेच माझे २ टक्के विरघळले. लॅप रद्द, ४३ हजारांची एसआयपी. ओव्हरड्राफ्टचा विचार अडीअडचणीसाठी ठेवतो. त्यासाठी आत्तापासून काय तयार ठेवू?

इंडेक्स_टू
जुन्या गृहकर्जाचे मूळ कागद घरी आलेत का ते मोजून बघा, बँकेने दिलेल्या यादीशी ताडून. आणि सेरसाई, म्हणजे गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही, तिच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोधात मालमत्ता टाकून बघा, जुना बोजा उतरलाय का. कर्ज फिटलं तरी ही नोंद उतरवायची बँकेकडून राहून जाते, आणि नवी बँक तिथेच अडते.

कर्वेनगरी
बघितलं. बोजा अजून तसाच दिसतोय.

निवृत्त_पण_प्रवृत्त
कर्ज कधी फिटलं? १ डिसेंबर २०२३ नंतर असेल तर ३० दिवसांत कागद परत आणि बोजा कमी करणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर त्यांच्यामुळे झाला असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

कर्वेनगरी
२०२१.

निवृत्त_पण_प्रवृत्त
मग ते ५,००० विसरा. ना-देय प्रमाणपत्राची प्रत घेऊन शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. महिन्यात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी लागत नाही.

शनिपार
सोमवारी सकाळीच जा. भेळ संपली, मी पण निघतो.